कंपाउंडच्या कडेचं तण दिवाळीपर्यंत राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या रविवार पुरवणीतल्या बागेच्या सदरात पावसाळी तणांच्या बंदोबस्तावर लेख आला होता. कुंडीतली माती भुसभुशीत कशी ठेवावी, निंबोळी पेंड कधी घालावी, ही त्यातली माहिती चांगली होती. पण 'दिसताक्षणी काढून टाका' म्हणून जी यादी दिली होती, तिच्यात केना, घोळ, टाकळा, आघाडा, आंबुशी, माका, एकदांडी आणि गाजरगवत अशी सगळी एकाच रांगेत उभी केली होती. शिवाय ज्यांना वेळ नाही त्यांनी सरळ तणनाशक मारावं, असा सल्ला होता. गाजरगवताच्या रांगेत बाकीच्यांना बसवणं मला पटलं नाही, आणि तणनाशकाचा सल्ला तर मुळीच पटला नाही. म्हणून हे पत्र.

मी चिंचवडमध्ये पोळी-भाजी केंद्र चालवते. माहेर जुन्नर तालुक्यातलं, घरची बाजरी-भुईमुगाची शेती. पावसाळ्यात शाळा सुटली की आम्ही पोरी आई आणि काकूंबरोबर खुरपायला बसायचो. बायका आपापली पात धरून पुढे सरकायच्या आणि खुरपं चालता चालता हात निवड करत असायचे. केना, तांदुळजा, पाथरी, घोळ पदराच्या ओट्यात. कोवळं गवत शेरडांच्या भाऱ्यात. हरळीच्या काशा आणि लव्हाळ्याच्या गाठी बांधावर कडक उन्हात, कारण त्या मातीत राहिल्या तर पुन्हा फुटणार. माका दिसला तर आजीच्या तेलासाठी वेगळा. तणाशी खरं वैर कुणाचं असेल तर या बायकांचं. भुईमुगाला आऱ्या, म्हणजे शेंग धरायला मातीत शिरणारे कोंब, सुटायच्या आत वावर साफ झालं नाही तर हातचं पीक जायचं. तरी प्रत्येक तणाचं नाव, चव, फुलायचा महिना त्यांना तोंडपाठ होता. काय काढायचं, कधी काढायचं आणि काढलेल्याचं काय करायचं, हे तिन्ही ठाऊक होतं. शहरात त्यातलं 'काढायचं' एवढंच उरलंय.

शेतात तण काढायलाच हवं, त्याबद्दल माझं दुमत नाही. कुंडीतल्या मिरचीच्या रोपाशेजारी केना माजला तर मीही तो उपटते. माझं म्हणणं आहे ते जिथे कुठलंच पीक नाही त्या जागांबद्दल: सोसायटीच्या कंपाउंडची कड, पार्किंगच्या मागची पट्टी, शाळेच्या मैदानाचा कोपरा, उद्यानाची मागची भिंत, मोकळे प्लॉट. तिथे ही झाडं कुणाच्या वाट्याचं काही खात नाहीत.

केन्यापासून सुरुवात करते, कारण तो प्रत्येक सोसायटीत आहे आणि त्याच्याकडे वाकून कुणी बघत नाही. सकाळी नऊ-दहाच्या आत बघा. वरच्या दोन पाकळ्या ठळक निळ्या, तिसरी खाली, लहान आणि फिकट. मध्ये पिवळे ठिपके दिसतात. या फुलात मध नसतो, आणि त्या पिवळ्या ठिपक्यांतल्या वरच्या काहींत परागही नसतात. ते केवळ किड्यांना बोलावण्यासाठी. छोट्या माश्या आणि मधमाश्या त्या पिवळ्यावर झेपावतात, खालच्या खऱ्या केसरांना घासतात आणि काम होतं. दुपारपर्यंत फूल वितळल्यासारखं मिटून जातं. ते ज्या दुमडलेल्या पानाच्या पुडीतून वर आलं, त्याच पुडीतून मग दुसरं येतं. ती पुडी बोटात हलकेच दाबली तर आतून बुळबुळीत पाण्याचा थेंब निघतो.

आता तेच झाड मुळासकट हळूच उचला. मुळाशी पांढरे कोंब मातीत शिरलेले दिसतील. त्यांच्यावर जमिनीखालीच फुलं येतात, ती कधी उघडत नाहीत, आतल्या आत बी धरतात. वरून कितीही खरवडा, खाली बी तयार असतं. वर पेरावर तुटलेला तुकडा ओल्या मातीत पडला की मुळं धरतो. शेतकऱ्याला केना नकोसा होतो तो यामुळेच. पण एवढी युक्ती, एवढी जिद्द ज्या झाडात आहे, ते निदान एकदा गुडघे टेकून बघण्याच्या लायकीचं आहे, असं मला मनापासून वाटतं.

केन्याची भजी आमच्या केंद्रात श्रावणातल्या शनिवारी असतात. पानं कोवळी, अख्खी, धुऊन पूर्ण निथळलेली हवीत. बेसनात मूठभर तांदळाचं पीठ, ओवा, हळद, तिखट, मीठ. पीठ सैल, पानाला जेमतेम लागेल एवढं. एकेक पान बुडवून सोडायचं. पानाची किनार कुरकुरीत होते आणि मधला भाग मऊ राहतो. मला ती पालकाच्या भज्यांपेक्षा कितीतरी आवडतात. गिऱ्हाइकं विचारतात, हा पाला आणता कुठून? मी मंडईतून आणते, जुन्नर-आंबेगावकडून येणाऱ्या बायकांकडून, जुडीला पैसे मोजून. विचारणाऱ्यांच्या स्वतःच्या इमारतीखाली केना उगवलेला असतो.

घोळीचं तर मला किती सांगू असं होतं. फरशीच्या फटीत, नळाच्या कडेला, उन्हाने तापलेल्या मुरमातसुद्धा ती लालसर दांड्यांनी जमिनीला चिकटून पसरते. पानं जाड, रसाळ. मूगडाळ भिजवून, लसूण-हिरव्या मिरचीची फोडणी देऊन, त्यात घोळ चिरून घातली की चिंच-कोकम काही लागत नाही. आंबटपणा तिचा तिलाच असतो. आई सांगायची, घोळ सकाळीच खुडावी, तेव्हा ती जास्त आंबट लागते. यामागचं शास्त्र मला फार नंतर समजलं. पाण्याची ओढ लागली की घोळ पानांवरची सूक्ष्म छिद्रं दिवसा मिटून घेते, म्हणजे पाणी उडून जात नाही. ती रात्री उघडते आणि तेव्हा घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवते. दिवसा तेच आम्ल वापरून अन्न तयार करते. म्हणून पहाटे पानात आम्ल जास्त आणि संध्याकाळी कमी. निवडुंगासारखी झाडं हे करतात. घोळीला नेहमीची पद्धतही येते आणि ही कोरड्या दिवसांतलीही. शिवाय हिरव्या पालेभाज्यांमध्ये ओमेगा-३ गटातलं अल्फा-लिनोलेनिक आम्ल जिच्यात चांगलं सापडतं, अशी ही भाजी. लोक त्यासाठी जवस विकत आणतात, ते आणावंच. पण ही खाली फुकट उगवते.

घोळ खाणारं आणखी एक कुटुंब आहे. डॅनाइड एगफ्लाय नावाचं फुलपाखरू. त्यातला नर काळाभोर, पंखांवर मोठे पांढरे ठिपके, त्यांना निळी-जांभळी झाक. मादी मात्र अगदी वेगळी, नारिंगी. ती हुबेहूब प्लेन टायगर या दुसऱ्या फुलपाखरासारखी दिसते. प्लेन टायगरच्या अळ्या रुईवर वाढतात, रुईच्या चिकातलं विष अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्याला तोंड लावत नाहीत. एगफ्लायच्या मादीत तसलं विष नाही, पण रूप तेच असल्यामुळे पक्षी तिलाही टाळतात. आणि ही मादी अंडी घालते घोळीवर. म्हणजे कंपाउंडच्या भिंतीला एक रुई आणि तिच्या पायथ्याशी थोडी घोळ असेल, तर हा सगळा खेळ तुमच्या पार्किंगमध्ये चालू असतो. रुई आणि घोळ दोन्ही काढली तर दोन्ही फुलपाखरांना अंडी घालायला जागा उरत नाही. मग गच्चीवर कितीही जास्वंदी आणि झेंडू लावा. मध पुष्कळांना चालतो, पण अळ्यांना आपापलं ठरलेलं पानच लागतं.

आंबुशीवर तसंच एक नखाएवढं निळसर फुलपाखरू वाढतं, पेल ग्रास ब्लू. लॉनवर घोट्याच्या उंचीने भिरभिरणारी जी बारीक फुलपाखरं दिसतात, त्यांत ते असतं. टाकळ्यावर पिवळ्या, गवतात उडणाऱ्या छोट्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या सापडतात. चिमण्या कमी झाल्या म्हणून आपण हळहळतो, लाकडी घरटी टांगतो. चिमणी पिल्लांना किडे आणि अळ्या भरवते आणि मोठ्या चिमण्या गवताचं बी टिपतात. घरट्याखाली पेव्हर ब्लॉक असतील तर ती कुठे जाईल?

एकदांडीला आमच्याकडे कंबरमोडी म्हणत. खुरप्याने बोट कापलं की तिचा पाला तळहातावर चोळून रस जखमेवर पिळायचा, रक्त थांबायचं. आज कुणाला लोखंड लागलं तर मी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला पाठवते, पाला चोळत बसत नाही. तरी ते झाड मला जवळचं आहे. डिसेंबर ते मे, जेव्हा बाकी सगळं वाळून जातं, तेव्हा फुटपाथच्या कडेला त्याचं ते पिवळं-पांढरं फूल उंच दांड्यावर उभं असतं आणि मधमाश्यांना तेवढाच आधार असतो.

माक्याबद्दल एवढंच सांगते की त्याचा पाला चुरगळला की बोटं काळी पडतात, आणि केसांच्या तेलाच्या बाटलीवर जो भृंगराज लिहिलेला असतो तो हाच. भुईआवळीची गोष्ट मात्र थोडी सावकाश सांगायला हवी. पानांच्या खाली मोहरीएवढ्या हिरव्या आवळ्यांची ओळ, आणि कावीळ झाली की गावोगाव तिचा रस देतात. हेपटायटिस बीचा विषाणू शोधणारे आणि १९७६ मध्ये नोबेल मिळालेले बारूक ब्लुम्बर्ग यांनी मद्रासच्या संशोधकांबरोबर या चिमुकल्या झाडावर काम केलं. १९८८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आशादायक निष्कर्ष आले. पुढच्या चाचण्यांत मात्र तसा गुण दिसला नाही. म्हणून कावीळ झाली तर डॉक्टरकडेच जावं, असंच मी म्हणेन. पण जगातल्या एका मोठ्या शास्त्रज्ञाला ज्या झाडाकडे बघावंसं वाटलं, ते आपण न बघता खरवडतो, याचं मला वाईट वाटतं.

आता गाजरगवत. याच्या बाबतीत आपल्या लेखाशी मी पूर्ण सहमत आहे. १९५५-५६ च्या सुमारास त्याची पहिली ठळक नोंद आपल्या पुण्यातच झाली; परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं मानलं जातं. आज ते देशभर आहे. त्याने अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं, परागांनी कुणाकुणाला दमा होतो. एकेक झाड हजारो बिया टाकतं. मेक्सिकोतून आणलेले, त्याची पानं खाणारे पट्ट्यापट्ट्यांचे भुंगेरे १९८४ मध्ये बंगळुरूला सोडले गेले, ते आपल्याकडेही पावसाळ्यात दिसतात. हे भुंगेरे दिसले तर मारू नका. गाजरगवत फुलायच्या आत, ओल्या मातीतून, हातमोजे घालून मुळासकट उपटावं, यात दयामाया नको. परदेशी आहे म्हणून मी हे म्हणत नाही. एकदांडी आणि लाजाळूही अमेरिकेतूनच आल्या आहेत. गाजरगवत माणसांना आजारी पाडतं आणि दुसऱ्या कुणाला उगवू देत नाही, म्हणून ते नको.

पण ते उगवतं कुठे, हे बघा. जिथे माती उघडी पडते तिथे ते आधी येतं. टाकळा दाट उभा असेल तर गाजरगवताला डोकं वर काढायला जागा मिळत नाही. जबलपूरच्या केंद्रीय तण संशोधन संचालनालयाने सुचवलेल्या उपायांतही टाकळ्याचं बी टाकून गाजरगवत हटवण्याचा उपाय आहे. आणि टाकळा म्हणजे काय? पहिल्या पावसानंतर दोन-तीन आठवड्यांत खुडला तर भाजी. उग्र वास शिजताना जातो. लसूण, भिजवलेली चणाडाळ आणि वरून ओलं खोबरं घातलं की आमच्या केंद्रात दुपारी एकच्या आत भांडं रिकामं होतं. जून झाला की तो वातूळ लागतो, तेव्हा त्याला फुलू द्यावं. संध्याकाळी त्याची पानं जोडीजोडीने मिटतात, तीही लहान मुलांना दाखवण्यासारखी गोष्ट आहे.

आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी काय झालं ते लिहिते. श्रावणात मागच्या भिंतीला टाकळा, आघाडा, केना, आंबुशी असं गच्च हिरवं होतं. कमिटीने बाहेरून माणूस बोलावून फवारणी करून घेतली. पाठीवर पंप, हातात मोजे नाहीत, तोंडाला फडकं नाही. कॅनवरचं लेबल अर्धं फाटलेलं. आठवड्यात सगळं पिवळं पडलं, मग तपकिरी. गणपती बसले तेव्हा भिंतीलगत वाळलेल्या काड्या उभ्या होत्या. पुढच्या पावसांत ती माती गटारात वाहून गेली, आणि नवरात्राच्या आधी त्या उघड्या पट्टीत काय उगवलं असेल? एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गाजरगवत. टाकळा होता तोवर तिथे त्याची चार-दोन रोपं होती, ती आमचे माळीकाका उपटून टाकत असत.

माळीकाका बीडकडचे. त्यांना यातलं प्रत्येक झाड नावाने ठाऊक आहे. साफसफाईला लागायच्या आधी ते घोळ आणि तांदुळजा खुडून पिशवीत घालतात, संध्याकाळी घरी नेतात. पण त्यांना मिळणारी सूचना 'सगळं स्वच्छ' अशी असते. ज्याला कळतं त्याला ठेवायची मुभा नाही, आणि ज्यांच्याकडे मुभा आहे त्यांना ओळख नाही. हे बदलायला पैसे लागत नाहीत.

तणनाशकांत ग्लायफोसेट सगळ्यांत जास्त वापरलं जातं. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते 'माणसात बहुधा कर्करोग घडवणारं' अशा गटात टाकलं. काही देशांच्या नियामक संस्थांचं मत वेगळं आहे. तो वाद शास्त्रज्ञ सोडवतील. पण ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली की ग्लायफोसेटची फवारणी परवानाधारक कीडनियंत्रकांनीच करावी. सरकारला एवढी काळजी घ्यावीशी वाटली ते औषध, मुलं जिथे चेंडू शोधायला शिरतात त्या झुडपांत, मोजे न घातलेल्या माणसाकडून आपण का मारून घ्यावं?

आणि याच महिन्यांत आपल्या घरात या झाडांचं काय काम असतं ते आठवा. गणपतीच्या एकवीस पत्रींची यादी घराघराप्रमाणे थोडी बदलते, पण तिच्यात दूर्वा, आघाडा, माका, धोतरा, रुई, डोरली, विष्णुक्रांता येतात. ही सगळी बिनपेरलेली, वाटेच्या कडेची झाडं. गौरी आणताना कुठे तेरडा, कुठे आघाडा. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणजे नांगराशिवाय जे उगवलं तेच ताटात: माठ, कुर्डू, अळू आणि काय मिळेल ते. पितृपक्षात माका. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानाच्या वेळी अंगावरून फिरवायला आघाडा, आणि पायाखाली फोडायला कुंपणावरचं कारीट. आपल्या आधीच्या माणसांनी श्रावणापासून दिवाळीपर्यंत या झाडांना एकेक दिवस नेमून दिला होता. दुर्वांची जुडी आपण आज बाजारातून आणतो. ती कुणीतरी कुठल्यातरी मोकळ्या प्लॉटवरूनच खुडलेली असते. त्या प्लॉटवर आठ दिवसांपूर्वी फवारणी झाली होती का, हे देवापुढे ठेवणाऱ्यालाही माहीत नसतं आणि खुडणाऱ्या बाईलाही. शेरडं घेऊन फिरणाऱ्यांचं काय, तेही बघा.

काही शंका लोक हमखास काढतात. सापाची भीती खरी आहे. म्हणून रस्ता, जिना, मुलांचं मैदान, दारासमोरची जागा मोकळी ठेवावी आणि भिंतीलगतची झाडं गुडघ्याच्या वर गेली की विळ्याने कापावीत. डास मात्र साठलेल्या पाण्यात वाढतात. त्यासाठी कुंड्यांखालच्या बशा, टाकीची झाकणं, गच्चीवरचे जुने डबे आधी बघावेत. राहिला प्रश्न खाण्याचा. माझं पत्र वाचून कुणी उद्याच वाटेवरचा पाला खुडायला जाऊ नये. रस्त्याच्या कडेचं, गटाराजवळचं, कुत्री फिरतात तिथलं आणि जिथे फवारणी झाली असेल तिथलं अजिबात खाऊ नका. घोळीशेजारीच तिच्यासारखं जमिनीवर पसरणारं दुधी नावाचं तण उगवतं. काडी मोडून पांढरा चीक आला तर ती घोळ नाही, फेकून द्या. घोळीत ऑक्झॅलिक आम्ल असतं, मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी ती टाळावी. धोतरा विषारी आहे, मुलांना तो आधी ओळखायला शिकवा. ज्या घरात कुणी आजी किंवा गावाकडची काकू असेल, तिने हातात धरून 'हेच' म्हटल्याशिवाय कुठलंही पान भांड्यात जाऊ नये. शंका आली तर मंडईतली जुडी आणा. कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव पावसाळ्यात ठिकठिकाणी भरतात, तिथे बायका भाजी विकतात आणि करायची कशी तेही सांगतात.

माझी मागणी मोठी नाही. महापालिकेने आपल्या उद्यानांत मागच्या भिंतीलगत आणि सोसायट्यांनी कंपाउंडच्या एका बाजूला तीन-चार फुटांची पट्टी जूनपासून दिवाळीपर्यंत राहू द्यावी. तिथे तणनाशक मारू नये, खरवडू नये. गाजरगवत तेवढं फुलायच्या आधी हाताने काढावं. दिवाळीनंतर बी गळलं की विळ्याने कापून तो पाला तिथेच पसरावा, माती झाकलेली राहते. शाळांनी परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांना वर्गाबाहेर नेऊन मैदानाच्या कोपऱ्यातली पाच झाडं नावानिशी ओळखायला लावावीत. आणि आपल्या पुरवणीत, संपादक महोदय, आठवड्याला अशा एका झाडाचा मोठा फोटो आणि वेगवेगळ्या जिल्ह्यांतली त्याची नावं छापता आली तर फार बरं होईल. टाकळ्याला विदर्भात तरोटा म्हणतात; असं वाचक स्वतःच कळवतील, त्यांना विचारून बघा.

आमच्या कमिटीने यंदा मागच्या भिंतीची पट्टी सोडायला होकार दिला आहे. काय ठेवायचं आणि काय उपटायचं हे माळीकाका ठरवणार आहेत. ज्यांना आपल्या सोसायटीत हे करून बघायचं आहे त्यांनी मे महिन्यातच लेखी अर्ज द्यावा. फवारणीचं कंत्राट बहुतेक ठिकाणी पहिल्या पावसाच्या आधीच दिलं जातं.

आपली,
एक नियमित वाचक
चिंचवड, पुणे